तुळस डोक्यावर घेऊन : पुणे ते तंजावर

दिवस पहिला : पुणे

संध्याकाळी सव्वापाचला वारकरीण पडली. प्रदर्शन संपायला पाऊण तास उरला होता. कुणी धक्का दिला नाही, कुणी हातही लावला नाही. दालनातला पंखा कुणीतरी पाचवर केला, तिचा पदर हलला, डोक्यावरचं तुळशीवृंदावन पुढे झुकलं आणि त्याच्यामागोमाग ती चौथऱ्यावरून थेट फरशीवर आली. वृंदावन मातीचं होतं, त्याचे चार तुकडे झाले. उजवं मनगट आतल्या तारेपाशी वाकलं. नाकावरचा रंग टवका उडून गेला.

सहा दिवस ती लोखंडी कांबीच्या आधारानं उभी होती. पाठीमागून, नऊवारीच्या काष्ट्यातून आत गेलेली बारीक कांब. दालनवाल्यांची तशी अटच असते आणि समोरून ती दिसतही नाही. पण त्या दिवशी दुपारी एक आजी वाकून वाकून बाहुली बघत होत्या. मागच्या बाजूला गेल्या आणि म्हणाल्या, "अगं, हिला हे काय खुपसलंय?" मला ती कांब पहिल्यापासून सलत होतीच. आजी गेल्यावर मी ती काढून टाकली. अडीच तास वारकरीण स्वतःच्या पायांवर उभी राहिली. मग पंखा लागला.

मी कापडाच्या बाहुल्या करते. चौदा इंच उंचीच्या. आत तारेचा सांगाडा, त्यावर सुती चिंध्यांच्या पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या, त्यावर कापूस, त्यावर कातडीसारखं ताणून शिवलेलं मांजरपाट. चेहरा कागदाच्या लगद्याचा. कपडे जुन्या साड्यांचे, कारण नव्या कापडाची चुणी या आकारात बसत नाही, ती फुगते. दहा वेळा धुतलेलं इरकल मात्र ओल्या कागदासारखं अंगाला चिकटतं. एका बाहुलीला तीन आठवडे लागतात. वर्षाकाठी सोळा-सतरा होतात. वर्षाला दोन प्रदर्शनं, आणि मधे मिळतील त्या दिवसांत भटकंती. एसटी स्टँड, बाजार, जत्रा, वारी. माणसं बघितल्याशिवाय बाहुल्या होत नाहीत.

ही वारकरीण मला दिवे घाटात भेटली होती. पालखी चढ चढत होती, बायका कडेला थांबून दम घेत होत्या. त्यांतल्या एकीच्या डोक्यावर वृंदावन होतं आणि दोन्ही हात मोकळे होते. एका हातानं तिनं लेकराचा खांदा धरला होता, दुसऱ्या हातानं पदराच्या टोकानं त्याचं नाक पुसत होती. मान किंचित खाली गेलेली, तरी वृंदावन जागचं हललं नव्हतं. तिला मागून कुणाचा टेकू नव्हता. म्हणून माझ्या बाहुलीलाही नको होता.

नऊ दिवसांनी बेंगळुरूला प्रदर्शन उघडणार. मधल्या दिवसांत सावंतवाडी, पिंगुळी, चन्नपट्टण आणि तंजावर ही वाट मी दोन वर्षं मनात धरून होते. बाहुल्या कशा करतात ते बघायचं, एवढाच हेतू होता. आता त्यात एक प्रश्न जमा झाला : बाहुली उभी कशी राहते? सोळा बाहुल्या पत्र्याच्या ट्रंकेत बांधल्या, जखमी वारकरीण पिशवीत घेतली आणि रात्रीची गाडी पकडली.

दिवस दुसरा : सावंतवाडी

आंबोली घाटात गाडी धुक्यात शिरली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. सप्टेंबर संपत आला तरी कड्यांवरून पाणी वाहत होतं. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी चहा घेतला आणि दुकानं उघडायच्या आत चितार आळीत जाऊन उभी राहिले.

ज्यांच्या घरात लाकडी आंबा, लाकडी सीताफळ किंवा रंगीत पाट आहे, त्यांनी ही आळी न बघताही पाहिलेली असते. सकाळी फळ्या निघाल्या की दुकानादुकानांतून केळ्यांचे घड, अननस, बैलगाड्या, भातुकलीचे डबे, चौरंग बाहेर येतात. माझं लक्ष मात्र एका कोपऱ्यातल्या ठकीकडे गेलं. ठकी म्हणजे आपल्याकडची जुनी लाकडी बाहुली. माझ्या आजीच्या भातुकलीत एक होती, रंग पार गेलेली. इथली ठकी वीतभर उंच. लाल चोळी, हिरवं लुगडं, भुवयांपासून बांगड्यांपर्यंत सगळं रंगवलेलं. हात अंगालाच चिकटलेले. आणि पाय नाहीतच. खाली लाकूड रुंद होत जातं आणि सपाट कापलेलं असतं.

मी ती दुकानाच्या ओट्यावर ठेवली, बोटानं ढकलली. ती डुगडुगली आणि परत उभी राहिली.

"हिला पाय का नाही करत हो?" मी आत बसलेल्या काकांना विचारलं.

"हिका पाय कित्याक व्हये?" ते म्हणाले. "चालाक थोडीच जातली? घरात ऱ्हवतली."

मग मी पिशवीतून वारकरीण काढली आणि झालेलं सांगितलं. त्यांनी तिला हातात घेतलं, अंदाजानं वजन केलं, मग वृंदावनाचे तुकडे दुसऱ्या तळव्यावर घेतले. काही बोलले नाहीत. आत जाऊन पांगाऱ्याचा एक ठोकळा घेऊन आले आणि माझ्या हातावर ठेवला. मला वाटलं होतं तेवढा हात खाली गेलाच नाही. पांगारा इतका हलका असतो की लाकूड धरलंय यावर विश्वास बसत नाही. इथली खेळणी पूर्वापार त्याच लाकडाची. मऊ असल्यानं पटाशी लोण्यात जावी तशी जाते. आता पांगारा पुरेसा मिळत नाही, म्हणून आंबा, फणस, जे मिळेल ते वापरतात, असं ते म्हणाले.

त्यांनी दोन तासांत वृंदावन कोरून दिलं. आधी चौकोन, मग चारी अंगांना कमानीचे कोनाडे, मग उलटं करून आतून पोखरलं. पोखरताना ते दर थोड्या वेळानं ठोकळा कानाशी नेऊन टिचकी मारत होते. भिंत किती उरली ते आवाजावरून कळतं म्हणे. मी ऐकून बघितलं. सुरुवातीला टिचकी बद्द वाजत होती, शेवटी शेवटी डबीसारखी. शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर टाकलं. मातीचे चार तुकडे मिळून १९० ग्रॅम, हे नवं ४० ग्रॅम.

दुपारी राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, बघायला गेले. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गोल पत्ते रंगवत होते. दशावतारी गंजिफेचा जोड १२० पत्त्यांचा असतो. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते. ही कला इथे जवळजवळ विझली होती. १९७०च्या दशकात इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती उरलेल्या कारागिरांच्या हातून पुन्हा उभी केली. मला तिथून हलवेना. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या गोलात मत्स्यावताराचे खवले काढायचे आणि एकही खवला दुसऱ्यावर चढू द्यायचा नाही. रंगवणारी मुलगी श्वास रोखून रेघ ओढायची आणि रेघ संपली की सोडायची. मीही बाहुलीचे डोळे काढताना तेच करते. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो.

दिवस तिसरा : पिंगुळी

कुडाळजवळचं पिंगुळी हे ठाकर समाजाच्या कलांचं गाव. चित्रं दाखवून कथा सांगायची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, सगळं एका गावात. परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या घराजवळ, गुरांच्या गोठ्यात, या कलांचं संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुणाच्या मोठ्या देणगीची वाट न बघता गोठ्याच्या भिंती सारवून माणूस असं काही उभं करतो, याचं मला फार मोल वाटतं.

चित्रकथीच्या पोथ्या पाहिल्या. एकेका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, म्हणजे कथा सांगणारा एक बाजू संपली की उलटवतो. राम, सीता, रावण सगळे एका अंगानं उभे आणि डोळे टपोरे. पण माझा जीव बाहुल्यांत अडकला होता.

कळसूत्री बाहुली मला हातात घ्यायला दिली. तिलाही पाय नाहीत. कमरेखाली नुसता घागरा. डोकं आणि हात लाकडाचे, डोक्याला आणि हातांना दोऱ्या. मी दोऱ्या धरून तिला उचललं आणि ती लटकली. मेल्यासारखी लटकली, दुसरा शब्द नाही. मी दोरी ओढली तर हात सटकन वर गेला, रेल्वे सिग्नलच्या खांबावरच्या पाटीसारखा. शिकवणारे आजोबा बाजूला बसले होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ताणूक नको, बाय. वजन दोरयेक कळूक व्हया."

मग त्यांनी तीच बाहुली घेतली. तिचा घागरा जमिनीला जेमतेम टेकवला, म्हणजे टेकला आहे की नाही हे कापडाच्या शेवटच्या घडीवरूनच कळावं इतका. आणि ती उभी राहिली. पाय नसलेली बाहुली पाय असल्यासारखी उभी राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला, वळली. मी घागऱ्याखाली बघत होते. खाली काहीच नव्हतं. भार बदलला होता तो आजोबांच्या बोटांत.

त्या रात्री कुडाळच्या लॉजवर मी वारकरणीच्या डोक्याला दोरा बांधला आणि पंख्याच्या हुकाला टांगली. नवं वृंदावन आधी बसवून घेतलं होतं. ती स्थिर झाल्यावर दोऱ्याच्या सरळ रेघेत पाठीवर खडूची खूण केली. मग खांद्याला दोरा बांधून तेच केलं. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बाहुलीचं वजन एकवटलेलं असतं. शाळेत पुठ्ठ्याच्या तुकड्यावर केलेला प्रयोग, चाळीस वर्षांनी उपयोगी पडला. मातीचं वृंदावन असताना ही जागा गळ्याच्या आसपास असणार. आता ती कमरेच्या थोडी वर आली होती, पण अजून पुढच्या बाजूला, कारण नाक पुसायला पुढे आलेला हात. जमिनीवर ठेवली. पुस्तकानं वारा घातला. तिसऱ्या झोताला पडली. गादीवर पडली, एवढंच बरं.

दिवस चौथा : बेळगाव

प्रवासाचाच दिवस. ट्रंक एसटीच्या टपावर चढवताना हात भरून आले. वाहकानं आत काय आहे विचारलं, मी बाहुल्या म्हटल्यावर त्यानं स्वतः दोरी आवळून दिली. परत आंबोली, मग बेळगाव. रात्रीची गाडी उशिरा आली. फलाटावर ट्रंकेवर बसून वारकरणीच्या नाकाला रंग लावला.

दिवस पाचवा : बेंगळुरू

दालन छान उंच आहे, उत्तरेकडून उजेड येतो. तिथल्या तरुण बाईंनी नकाशा दाखवला. सतरा चौथरे, सतरा कांबी. मी म्हटलं, सोळाच लागतील कदाचित. त्या म्हणाल्या, "पडली तर जबाबदारी तुमची, मॅडम." बरोबरच आहे त्यांचं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. छापलेल्या पत्रकात माझ्या कामाला 'शोभेच्या वस्तू' म्हटलं होतं. बाहुली करणाऱ्याच्या वाट्याला हे नेहमी येतं. मातीची असली तर शिल्प, कापडाची असली तर वस्तू. मी शांतपणे, पण ठामपणे बदलायला सांगितलं. 'कापडी बाहुल्या' एवढंच लिहा. बाहुली हा पुरेसा मोठा शब्द आहे. काही वर्षांपूर्वी दिल्लीला शंकर्स आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय पाहिलं होतं. व्यंगचित्रकार शंकर यांनी ते १९६५ मध्ये सुरू केलं, तिथे ६,०००हून जास्त बाहुल्या आहेत. हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून द्यायला दिलेल्या एका बाहुलीपासून त्या वेडाची सुरुवात झाली. काचेमागे देशोदेशीच्या बाहुल्या बघताना एकदाही 'वस्तू' हा शब्द माझ्या मनात आला नव्हता.

दिवस सहावा : चन्नपट्टण

बेंगळुरूहून मैसूरच्या वाटेवर साठेक किलोमीटर. कन्नडमध्ये या गावाला खेळण्यांचं गाव म्हणतात. इथलं लाकूड म्हणजे आपल्याकडचा काळा कुडा, नावात काळा असला तरी आतून हस्तिदंतासारखा पांढरा. टिपू सुलतानानं इराणी कारागीर आणून ही कला रुजवली, अशी इथली आठवण. मी गेले त्या कारखान्यात सगळे दख्खनी बोलत होते, त्यामुळे बोलणं अडलं नाही.

इथे एक गोष्ट जवळून पाहायला मिळाली ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लेथवर ठोकळा फिरत होता. पटाशीनं सोलून त्याचा गोल देह झाला, खांदे झाले, मान झाली. मग लेथवरच्या बाईंनी हळदीच्या रंगाची लाखेची कांडी घेतली आणि फिरत्या लाकडावर दाबून धरली. ब्रश नाही, डबा नाही. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर चढते. पिवळा रंग कांडीच्या टोकाखालून पट्ट्यासारखा बाहेर येतो, आधी ओरखड्यासारखा, मग सलग. त्यावर त्यांनी केवड्याच्या जातीचं सुकं पान दाबलं. पानाखाली तो रंग पसरला, गुळगुळीत झाला आणि पान बाजूला केलं तेव्हा बाहुलीच्या पोटावर खिडकीचा चौकोन दिसत होता. पाच मिनिटंही लागली नाहीत. मी ते चार वेळा पाहिलं.

वारकरणीचा प्रश्न इथे सुटला नाही. लेथवरच्या बाहुलीला तो प्रश्नच पडत नाही. "पैले सेंटर निकालना पडता," असं त्या बाई म्हणाल्या. दोन टोकांमध्ये मधोमध पकडलेलं लाकूड फिरतं, म्हणजे ते चारी बाजूंनी सारखंच असतं. माझ्या बाहुलीचा एक हात पुढे, मान खाली, कंबर एका बाजूला. ती सारखी असती तर ती नाक पुसणारी बाई राहिली नसती. मी तिथून एक पिवळा भोवरा घेतला आणि रात्रीच्या गाडीनं तंजावरला निघाले.

दिवस सातवा : तंजावर

नवरात्र तोंडावर आलेलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना कोलूच्या बाहुल्या मांडलेल्या. तमिळ घरांत नवरात्रात तीन, पाच, सात, नऊ अशा विषम पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. सगळ्यात वर मरपाच्ची, म्हणजे रक्तचंदनाची राजा-राणीची जोडी. लग्नात मुलीला देतात आणि ती पिढ्यान्‌पिढ्या घरात राहते. एका दुकानात जुनी जोडी दाखवली. रंग नाही, दागिने नाहीत, नुसतं काळपट तांबडं लाकूड आणि चेहरे हाताळून हाताळून बोथट झालेले. सावंतवाडीच्या ठकीची ही लांबची बहीणच वाटली.

तंजावरची प्रसिद्ध बाहुली म्हणजे मान हलवणारी. नाचणारीचे चार भाग वेगवेगळे करून एकमेकांवर तारेच्या टोकावर तोलतात : घागरा, धड, डोकं आणि हात. फुंकर मारली तरी कंबर आणि मान वेगवेगळ्या दिशांना डुलते. दुसरी गोल बुडाची राजा-राणी, आडवी पाडली तरी उठून बसणारी. एका घरगुती कारखान्यात मालकांना दुभाष्यामार्फत सगळी हकीकत सांगितली. त्यांनी वारकरीण घेतली, आधी चेहरा नीट पाहिला, मग तिला उलटी केली. पावलांवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. कापूस भरलेली पावलं, आवाजच आला नाही.

"कीळे वेट इल्लै," ते म्हणाले. खाली वजन नाही.

त्यांच्या मुलानं लगेच मातीचं गोल बूड आणून तिच्याखाली चिकटवलं. ती डुलायला लागली आणि कारखान्यातली सगळी पोरं खूश होऊन जमली. दिसायला गोड होतं. पण दिवे घाटातली ती बाई डुलत नव्हती. मी बूड काढून घेतलं आणि त्यांचे आभार मानले.

दुपारी बृहदीश्वराच्या देवळात गेले. राजराज चोळानं बांधलेलं, १०१०च्या सुमाराला पुरं झालेलं. मराठी माणूस इथे आला की एका भिंतीशी थबकतोच. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथे मराठीत कोरवून घेतला. घरापासून इतक्या लांब, चोळांच्या दगडावर आपली भाषा बोटानं चाचपता येते.

पण त्या दिवशी मला देवळानं दिलं ते दुसरंच. चपला बाहेर काढलेल्या. दगड तापलेले. मी सावलीच्या पट्ट्यात बसले होते आणि माझ्यासमोरून पावलं जात होती. म्हाताऱ्यांची, हारवाल्यांची, शेतातून आलेल्या बायकांची. मी वही काढली. चालणाऱ्या बाईचं पाऊल पुढे पसरलेलं असतं, अंगठा बाकीच्या बोटांपासून सुटा होतो, करंगळी जमिनीला पूर्ण टेकते, टाच मागे बाहेर येते, भेगाळलेली. टाचेपेक्षा चवडा जवळजवळ दुप्पट रुंद. तासाभरात एकवीस पावलं काढली. मग पिशवीतून वारकरीण बाहेर काढून तिचे पाय पाहिले.

मी तिला घरात बसणाऱ्या मुलीचे पाय दिले होते. अरुंद, टोकाला निमुळते, बोटं नुसती दोऱ्यानं दाखवलेली. चेहऱ्यावर मी आठ दिवस घालवले होते, पायांवर एक दुपार. पंढरपूरपर्यंत चालत जाणाऱ्या बाईचे पाय. मला तिथेच फार वाईट वाटलं. त्या बाईला मी पाहिलं होतं, पण खालपर्यंत पाहिलं नव्हतं.

दिवस आठवा : तंजावर

सकाळी बाजारातून मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं आणली. ठोकून चपटी केली, चवड्याखाली जास्त, टाचेखाली कमी. आधी जुनी पावलं घोट्यापासून उसवली. तिचे पाय उसवताना मी तिच्याशी बोलत होते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. शिशावर चिंधीची पट्टी, त्यावर खडूची पूड आणि डिंक घातलेला कागदाचा लगदा, पातळ थर, दोनदा. वहीतलं तेरावं पाऊल समोर ठेवलं. ते एका भाजीवालीचं होतं. प्रत्येक बोट वेगळं केलं. अंगठ्याच्या नखावर नखानंच दाब दिला. भेगा सुईनं काढल्या, लगदा अर्धवट सुकला असताना, कारण ओल्यात काढल्या तर मिटतात आणि वाळल्यावर काढल्या तर ओरखड्यासारख्या दिसतात. लॉजच्या गच्चीवर, तंजावरच्या उन्हात, संध्याकाळपर्यंत कडक झाले. रंगाला आधी गेरूचा हात, मग टाचांना मातीचा, मग घोट्याच्या वर धुळीची रेघ, जिथपर्यंत पाऊसपाणी आणि चिखल येतो तिथपर्यंत.

एकेक पाऊल ८५ ग्रॅम भरलं. बाजारातल्या सोनाराकडे वजन केलं, त्यानं दोन्ही पावलं तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली आणि पैसे घेतले नाहीत.

पाय परत शिवले. खोलीच्या दाराच्या कडीला दोरा बांधून टांगलं, खडूनं दोन रेघा मारल्या. त्या आता मांड्यांच्या वरच्या भागात, जवळजवळ मधोमध छेदत होत्या. टेबलावर ठेवली. पंखा एकवर, मग तीनवर, मग पाचवर. मी पलंगावर बसून बघत राहिले. रात्रीच्या गाडीची वेळ होत आली तरी उठवेना.

दिवस नववा : बेंगळुरू

मांडणी. सकाळी आठ ते रात्री नऊ. प्रदर्शनाचा हा दिवस कुणी बघत नाही, पण आमचं निम्मं काम याच दिवशी असतं. चौथऱ्यांची उंची, उजेडाचा कोन, बाहुल्यांची नजर कुठे जाते ते. दोन बाहुल्या समोरासमोर आल्या की त्या एकमेकींशी बोलायला लागतात आणि मधून जाणारा माणूस उपरा होतो. म्हणून वासुदेवाला तीनदा हलवलं. ट्रंकेत कोळणीची टोपली दबली होती, ती वाफ देऊन सरळ केली. पत्रकात 'कापडी बाहुल्या' छापून आलं होतं.

वारकरणीला मी दालनाच्या मधोमध घेतलं. दालनाच्या त्या तरुण बाई कांब घेऊन आल्या. मी त्यांना सांगितलं, पंखा लावा. त्यांनी तीनवर लावला. मी म्हटलं, पूर्ण लावा. पदर उडाला, दोऱ्याच्या तुळशीची पानं हलली. त्या थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि कांब खाली ठेवून दुसऱ्या चौथऱ्याकडे गेल्या.

दिवस दहावा

उघडलं. बरीच माणसं आली. दुपारी एक लहान मुलगी आईचा हात सोडून वारकरणीसमोर उकिडवी बसली. तिची नजर चौथऱ्याच्या कडेला, बरोबर पावलांच्या उंचीला होती. तिनं स्वतःच्या सँडलमधून अंगठा बाहेर काढून फाकवून पाहिला.

माहितीच्या पट्टीवर मी साहित्याच्या ओळीत भर घातली : सुती कापड, तार, कापूस, कागदाचा लगदा, पांगारा, शिसं.

बाकीच्या सोळा जणी अजून कांबीवर आहेत. कोळणीचं आधी घ्यायला हवं, तिच्या टोपलीचं वजन सगळं डाव्या बाजूला आहे. वहीत अजून वीस पावलं शिल्लक आहेत, पण ती सगळी उन्हातल्या दगडावरची आहेत. कोळणीला ओल्या वाळूतली लागतील. परतल्यावर हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाच्या वेळी जाऊन बसायचं ठरवलंय.